शेवटचे तीन फटके

वर्गात पाऊल ठेवलं आणि घणाचा पाय उंबऱ्यातच अडला. फळ्यासमोर उभे असलेले मास्तर उजव्या हातानं वायर सोलत होते. वायर धरून ठेवायला डाव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, एवढंच कामाला येत होतं. उरलेली तीन बोटं वाळलेल्या शेंगांसारखी आत वळलेली होती. ती तशी कुणी केली, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं.

घण हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते मुकादमानं ठेवलेलं. त्या भागातल्या सगळ्या कारखान्यांना माणसं पुरवायची ती मुकादमानंच. गेटातून आत जाणारा प्रत्येक मजूर त्याच्या हाताखालून जायचा, आणि जो परस्पर गेला त्याची वाट बघायला बाहेर घण उभा असायचा. "बाकीचे सगळे हातोड्या," मुकादम कौतुकानं सांगायचा, "हा घण. एकदाच पडतो." अठरा वर्षं तो असा पडत राहिला.

मास्तर तेव्हा मास्तर नव्हते, पंपांच्या कारखान्यात वायरमन होते. वस्तीतल्या पाच पोरांना त्यांनी जेवणाच्या सुट्टीत काम शिकवलं आणि मॅनेजरला सांगून थेट कामाला लावलं. मुकादम घणाला एवढंच म्हणाला, "त्याचा हात बघ जरा." भर दुपारी कारखान्याच्या मागच्या भिंतीशी बोक्यानं त्यांना मागून आवळून धरलं. बोका म्हणजे घणाचा जोडीदार, मांजरासारखा चालणारा. घणानं त्यांचा डावा हात फुटपाथच्या दगडावर ठेवला आणि सळईचे दोन फटके घातले. मग तो घरी जाऊन पोटभर जेवला होता. आठ वर्षं झाली होती त्याला.

आता घणाचीच गत काय होती? दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मुकादमाच्या माणसांशी जुंपली, त्यात त्याच्या उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. मुकादम दवाखान्यात एकदा आला, फळांची पिशवी खाटेवर ठेवून गेला, आणि पुन्हा फिरकला नाही. बायको मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची. घण घरात बसून असायचा. बसून बसून डोकं तापलं की भिंतीवर मूठ हाणायचा. पलंगाशेजारचा गिलावा त्यानं असाच पाडला होता.

एका सकाळी बायकोनं त्याच्यापुढे कागद धरला.

"अहो, इथं सही करा."

"कशावर?"

"तुमचा जमीनजुमला लिहून घेतेय. करा."

तो एका प्रशिक्षण केंद्राचा फॉर्म होता. बंद पडलेल्या एका गोदामाच्या माळ्यावर ते केंद्र चालायचं. ज्या घरात कमावणारं एकच माणूस, त्या घरातल्या आणखी एकाला चार महिने काम शिकवायचं आणि मग नोकरी बघून द्यायची, असा त्यांचा उद्योग. वायरिंगच्या वर्गात एक जागा होती.

"मग तू शीक ना," घण म्हणाला.

"मी शिकले तर चादरी तुम्ही धुणार का? आणि रोज भिंतींना मारताय तुम्ही. भिंती संपल्या की माझी पाळी येईल."

"आजवर तुझ्यावर हात उचललाय मी?"

"नाही. म्हणूनच आत्ता सांगतेय."

त्यानं सही केली. वर्ग कोण घेतं, हे तिला माहीत नव्हतं आणि त्यालाही.

उंबऱ्यात अडलेल्या घणाला मास्तरांनी बघितलं. हातातली वायर टेबलावर ठेवली, हजेरी पुरी केली आणि शिकवायला लागले. दिवसभर आवाज चढला नाही की उतरला नाही. फेज कुठली, न्यूट्रल कुठली, अर्थिंगची तार कशाला हवी. घणाच्या कानात त्यातलं काहीच शिरलं नाही. पाच वाजता वर्ग सुटला तेव्हा मास्तर पाठमोरेच म्हणाले, "तू थांब."

सगळे उतरून गेले. मास्तरांनी दाराला आतून कडी घातली आणि कोपऱ्यातला हातभर लांबीचा लोखंडी पाइप उचलला.

"ओळखलंस?"

"हो."

"बोल काहीतरी."

"मुकादमानं सांगितलं होतं," घण म्हणाला, आणि म्हणताक्षणीच त्याला कळलं, की हे बोलायला नको होतं.

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा बरगड्यांत. घणानं हात वर केले नाहीत. एका झटक्यात पाइप हिसकावून घेता आला असता. गुडघा गेला होता, मनगट शाबूत होतं. पण तो उभा राहिला, आणि त्याच्या डोक्यात आलं काय, तर मास्तरांनी पाइप फार टोकाला धरलाय, अशानं त्यांच्याच मनगटाला झटके बसतील. तिसरा फटका हुकून टेबलावर आदळला. चौथ्यानं तो चांगल्या गुडघ्यावर खाली आला. पाचव्यानं भुवई फाटली आणि डोळ्यात रक्त उतरलं. सहाव्या वेळी पाइप मास्तरांच्या हातून निसटून गडगडत भिंतीपर्यंत गेला.

मास्तर बाकावर बसले.

"आठ वर्षं," ते धापा टाकत म्हणाले, "आठ वर्षं रोज मनात हे करत आलोय. वाटायचं, एकदा केलं की हलकं वाटेल."

"वाटलं?"

"मळमळतंय."

खाली रस्त्यावर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याचं टूं टूं तेवढं ऐकू येत होतं. मग मास्तरांनी यंत्र पुसायच्या चिंध्यांची मूठभर गुंडाळी त्याच्याकडे टाकली.

"भुवईवर दाब. उद्या नऊला ये. उशीर चालणार नाही."

"मला ठेवणार तुम्ही?"

"घराला गरज असेल तर कुणालाही नाही म्हणायचं नाही, असा इथला नियम आहे. मीच भांडून करून घेतलाय तो." मास्तर कडी काढत म्हणाले. "आणि माफी मागू नकोस. मला नकोय ती. मी आत्ता केलं त्याचीही मी मागणार नाही."

घरी बायकोनं त्याचा चेहरा उजेडाकडे वळवून बघितला.

"पडलो," तो म्हणाला. "जिन्यावरून."

"जिन्याच्या हातात पाइप होता वाटतं," ती म्हणाली आणि हळद आणायला गेली. अठरा वर्षं त्याच्या अंगावरचे वळ तिनं शेकले होते. कुठला वळ कशाचा, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. रात्रभर तो कुशीवर वळू शकला नाही. सकाळी पावणेनऊला तो माळ्यावर हजर होता.

चार महिन्यांत घण वायरमन झाला असं म्हणणं जरा धाडसाचं होईल, पण हात बसायला लागला एवढं खरं. पहिले पंधरा दिवस त्यानं वायर सोलली की आतली तारही तुटायची. त्याच्या बाकावर शेजारी एक विधवा बसायची. दोन लेकरं, आणि आधी शिलाईच्या कारखान्यात असल्यामुळे सगळे तिला शिवणवाली म्हणायचे. तिची बोटं भराभर चालायची. ती घणाकडे बघून हसायची. "भाऊ, वायर आहे ती. मान नाही मुरगळायची." तिला त्याचा इतिहास माहीत नव्हता. घण खाली मान घालून पुन्हा पक्कड धरायचा. एक दिवस त्यानं स्वतः जोडलेल्या बोर्डाचं बटण दाबलं आणि दिवा लागला. शिवणवालीनं टाळी वाजवली. घणानं तो दिवा सात-आठ वेळा लावला आणि विझवला. शेवटी मास्तर ओरडले, "बटण मोडशील!"

मास्तर त्याच्याशी कामापुरतंच बोलायचे. ते दोघे कधी शेजारी बसून जेवले नाहीत. पण घणानं चुकीचं काही केलं तर मास्तर त्याच्या मागे येऊन उभे राहायचे, आणि वाकड्या हाताचा अंगठा पुढे करून चूक दाखवायचे. घण त्या अंगठ्याकडेच बघून चूक सुधारायचा, उरलेल्या बोटांकडे बघायचा नाही.

नोकऱ्या बघायचं काम ताईंचं. अंगानं काडी, जीभ मात्र कात्रीसारखी. फाइल काखेत मारून त्या कारखान्याकारखान्यांचे उंबरे झिजवायच्या. चौथ्या महिन्यात त्या धापा टाकत जिना चढून आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "नऊ जागा! पंपांच्या कारखान्यात. नवा मॅनेजर आहे. परीक्षा पास झालेले नऊ जण थेट घेतो म्हणाला, मध्ये कुणी नको."

वर्गात एकच कल्ला झाला. मास्तरांनी आणि घणानं तेवढं एकमेकांकडे बघितलं. मध्ये कुणी नको म्हणजे काय, ते त्या दोघांना कळत होतं.

तिसऱ्या दिवशी बोका भेटला. घण दुपारच्या सुट्टीत खाली नळावर हात धूत होता. बोका आवाज न करता शेजारी येऊन उभा राहिला.

"काय रे, शाळेत जातोस म्हणे? पाटी-दप्तर घेतलंस की नाही?"

"काय काम आहे?"

"परीक्षा सोमवारी ना? जिन्याच्या खालच्या दाराचा अडसर काढून ठेव. बाकी आमचं आम्ही बघू. तू त्या दिवशी आजारी पड. मुकादमानं तुझी आठवण काढलीय."

"दोन वर्षांनी?"

"काढली ना? ते बघ." बोक्यानं त्याच्या खांद्यावरची धूळ झटकल्यासारखं केलं. "वहिनी हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीनं जाते अजून? ओली असते ती गल्ली. पाय घसरतो माणसाचा."

घणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नळाच्या पाइपावर त्याची मूठ आवळली. पण बोका हसत हसत चार पावलं मागे सरकला होता.

त्यानं सगळं ताईंना सांगितलं. तेव्हा अठरा वर्षांचंही सांगावं लागलं, मास्तरांच्या हातासकट. ताई ऐकत होत्या. मग त्या उठल्या, पोलीस चौकीत गेल्या, तक्रार लिहून आल्या. सोमवारी एक शिपाई दाराशी ठेवतो, असं त्यांना सांगण्यात आलं. घणानं बायकोला चार दिवस कामावर जाऊ नको म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "चादरी रक्ताच्या असतात माझ्या. थांबत नाहीत त्या." आणि ती पुढच्या रस्त्यानं, चार जणींच्या घोळक्यातून जायला लागली.

सोमवारी शिपाई आला नाही.

परीक्षा घ्यायला बाहेरचे एक साहेब आले होते. प्रत्येकापुढे लाकडी फळी, तिच्यावर बोर्ड जोडायचा. साडेदहा वाजले असतील. खालचं दार फुटल्याचा आवाज आला आणि जिन्यावर पावलं वाजली. घणानं मान न उचलता ऐकलं. चार वर येतायत, एक खाली थांबलाय. एकाच्या हातात साखळी आहे.

"ताई," तो म्हणाला, "सगळ्यांना मागच्या खोलीत घाला. कपाट लावा दाराला. पळा!"

लोकांची गाळण उडाली. बाक उलटे झाले, कुणाची चप्पल तिथंच राहिली. परीक्षक साहेब टेबलाखाली शिरले ते शेवटपर्यंत बाहेर आले नाहीत. मास्तर मात्र फळ्यापासून हलले नाहीत. घण लंगडत जिन्याच्या तोंडाशी गेला.

जिना अरुंद होता, एका वेळी एकच माणूस चढेल असा. पहिला वर आला तसा घणानं कठड्याला धरून चांगला पाय त्याच्या छातीवर रोवला. तो मागच्याला घेऊन खाली गेला. हाड मोडल्याचा आवाज झाला आणि कुणीतरी आईच्या नावानं किंचाळलं. तिसऱ्यानं त्यांच्या अंगावरून चढत साखळी फिरवली. ती घणाच्या गालावर बसली. तोंडात रक्ताची खारट चव आणि एक सुटा दात. साखळी पुन्हा आली तेव्हा त्यानं हात पुढे केला, ती मनगटाभोवती गुंडाळू दिली आणि ओढली. माणूस साखळीबरोबर आला. घणानं त्याच्या नाकावर कपाळ आदळलं, एकदा, दोनदा. तो भिंतीला घासत खाली बसला.

एवढ्यात बोका त्याच्या बगलेतून आत सटकला होता.

घण वळला तेव्हा बोक्यानं मास्तरांना टेबलावर पालथं पाडलं होतं. गुडघा त्यांच्या पाठीत, आणि त्यांचा उजवा हात, चांगला हात, टेबलाच्या कडेवर ताणून धरलेला. दुसऱ्या हातात सळई वर गेली होती. मास्तर ओरडत नव्हते. ते त्या हाताकडे बघत होते.

घणानं हाताला लागली ती परीक्षेची फळी उचलली आणि बोक्याच्या वर गेलेल्या कोपरावर मारली. कोपर उलटं वळलं. सळई खाली पडली. बोका टेबलावरून घसरून फरशीवर आला, तुटलेला हात पोटाशी धरून.

"पुरे," तो म्हणाला. "घण, पुरे. संपलं."

खरोखरच संपलं होतं. खालचे पळाले होते, साखळीवाल्याची जिन्यावरून धडपडत उतरण्याची पावलं दूर जात होती. घणानं सळई उचलली आणि बोक्याच्या तोंडावर तीन फटके मारले.

त्या तीन फटक्यांना कारण नव्हतं. तुरुंगात त्यानं पुष्कळ शोधलं. बायकोची गल्ली, फुटलेली वाटी, मुकादमाची फळं, काय काय लावून पाहिलं. काहीच बसेना. पहिल्याला जबडा गेला, दुसऱ्याला डोळा, आणि तिसऱ्या वेळी त्याच्या छातीत कसं मोकळं मोकळं वाटलं. तो चौथ्यासाठी हात उचलत होता. तेवढ्यात मास्तरांनी मागून त्याच्या गळ्यात दोन्ही हात घातले आणि स्वतःचं सगळं वजन त्याच्यावर टाकलं.

"बस. बस रे. मेला तो. बस."

मागच्या खोलीचं दार फटीएवढं उघडलं होतं. फटीत शिवणवाली उभी होती. तिनं घणाचा चेहरा बघितला, आणि कपाट पुन्हा दाराला लावल्याचा आवाज आला.

बोका मेला नव्हता. त्याला खाटेवर घालून नेलं. मग पोलीस आले. जबाब तिथंच, उलट्या बाकांमध्ये बसून घेतले. घण बेड्या घालून भिंतीशी बसला होता. तोंडातून थेंब थेंब रक्त शर्टावर पडत होतं. ताई सांगत होत्या, की हा नसता तर आज प्रेतं मोजली असती. वर्गातल्या एकेकानं तेच सांगितलं. पोलीस साहेबांनी लिहून घेतलं आणि मास्तरांकडे वळले.

"तुम्ही अगदी जवळ होता. त्यानं तुम्हाला वाचवण्यासाठी मारलं, बरोबर?"

मास्तरांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"जिन्यावर मारलं ते आम्हाला वाचवायला. फळीनं मारलं ते माझा हात वाचवायला," ते म्हणाले. "शेवटचे तीन नाही. तेव्हा तो माणूस पुरे म्हणत होता. मी ऐकलं."

ताई ताडकन उठल्या. "मास्तर!"

"मी ऐकलं," मास्तर पुन्हा म्हणाले आणि खाली सही केली.

घणाला चौदा महिन्यांची शिक्षा झाली. बोक्यासकट मुकादमाच्या पाचही जणांना त्याहून जास्त. मुकादमाचं काय झालं म्हणाल, तर त्याला कुणी हात लावला नाही. पण परीक्षा पुन्हा झाली, पंपांच्या कारखान्यात आठ जण थेट गेले, ते गेटातून जाताना पोलिसांची गाडी उभी राहिली, आणि त्यानंतर आणखी दोन कारखान्यांनी त्याची माणसं घेणं बंद केलं. नववी जागा रिकामी राहिली.

तुरुंगात पहिल्या भेटीला बायको आली ती धुमसतच.

"गेले होते मी त्या मास्तरांच्या घरी. म्हटलं, तुमचा हात वाचवला माझ्या माणसानं, आणि तुम्ही त्याचा गळा कापलात? त्यांची बायको मध्ये पडली म्हणून, नाहीतर चपलेनंच मारणार होते."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मी खोटं बोललो असतो तर तो माझा झाला असता. उद्या मी कुणाकडे बोट दाखवलं असतं, तर त्याच्यावर गेला असता. एक मुकादम जाऊन दुसरा आला असता." तिनं नाक पुसलं. "मला काही कळलं नाही. तुम्हाला कळतंय?"

घणानं जाळीपलीकडून तिच्या हातांकडे बघितलं. धुलाईच्या सोड्यानं तिच्या बोटांची सालं निघाली होती.

"तीन फटके मारले मी," तो म्हणाला. "खरं आहे ते."

"मला माहीत आहे खरं आहे ते. नवरा माझा आहे." आणि मग, आवाज उतरवून, "डोळा गेला हो त्याचा."

चौदा महिन्यांत त्याला दोनदा मार बसला. मुकादमाची माणसं आतही होती. पहिल्या वेळी त्यानं हात उचलला आणि एकाचा अंगठा मोडला; शिक्षा म्हणून दहा दिवस एकटा बंद. दुसऱ्या वेळी त्यानं डोकं हातांत धरून घेतलं आणि संपेपर्यंत पडून राहिला. हे जास्त अवघड गेलं. बराकीतला पंखा बंद पडला तेव्हा त्यानं तो खोलून दुरुस्त केला, आणि त्यानंतर त्याला पंखेवाला म्हणायला लागले.

सुटल्यावर ताईंनी त्याला पुन्हा परीक्षेला बसवलं. केंद्र आता दुसऱ्या जागी, एका शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत होतं. पहिल्या वेळी तो नापास झाला. दुसऱ्या वेळी जेमतेम पास. मास्तरांनी त्याच्या कागदावर शिक्का मारला, शाई सुकायला कागद हलवला आणि त्याच्या हातात दिला. एवढंच.

शिवणवाली एकदा कारखान्याच्या निळ्या कपड्यांत केंद्रावर आली होती. त्याला बघून थांबली.

"भाऊ, मला तुमची भीती वाटते," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? स्वप्नात येता. आणि त्या दिवशी तुम्ही जिन्यावर नसता तर माझी पोरं उघडी पडली असती. दोन्ही सांगून ठेवते. मनात एकच ठेवून मला जमत नाही."

"बरं केलंत," घण म्हणाला. ती गेल्यावर तो शाळेच्या पायरीवर बसला आणि त्याला रडू आलं. बायकोनं हे पाहिलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता.

ताईंनी अकरा ठिकाणी शब्द टाकला. दहा ठिकाणी शिक्षेचा कागद बघून हात जोडले. अकराव्या ठिकाणी, बायको जिथं चादरी धुवायची त्याच हॉस्पिटलात, दुरुस्ती खात्याच्या सुपरवायझरनं कागद दोनदा वाचला. "मारामारी केलीस तर त्याच मिनिटाला बाहेर," तो म्हणाला. "कुणी आधी सुरू केली ते मी विचारणार नाही."

दीड महिना नीट गेला. मग एका सकाळी घण वॉर्डाबाहेर शिडीवर चढून ट्यूब बसवत होता. स्ट्रेचर ढकलत आलेल्या एका वॉर्डबॉयनं वाट दे म्हणून शिडीला लाथ घातली. घण खाली आला तो वाईट गुडघ्यावरच. ट्यूब फुटून सगळीकडे काच झाली. वॉर्डबॉयनं वर त्याच्या आईवरून शिवी दिली, कॉलर धरली आणि भिंतीवर आपटलं. मऊ, गोरा गळा होता त्याचा. घणाचा हात आपोआप वर गेला. अंगठा नेमका कुठं रोवायचा ते हाताला पाठ होतं.

त्यानं वॉर्डबॉयची बोटं एकेक करून कॉलरवरून सोडवली. लंगडत कॉरिडॉरच्या टोकाला गेला, मीटरच्या खोलीत शिरला आणि आतून कडी लावून जमिनीवर बसला. हात थांबेना. त्यानं तो मांडीखाली दाबून धरला. दातांवर दात घट्ट बसले होते. छातीत तेच, ते मोकळं करणारं, वर वर येत होतं. खोलीत मीटरांची घूं घूं चालली होती. अर्धा तास लागला. मग हात मांडीखाली नुसता दुखायला लागला, कुणाच्याही हातासारखा.

तो बाहेर आला तर सुपरवायझर दाराशीच उभा.

"कुठं होतास?"

"मीटरच्या खोलीत."

"मला सांगितलं वॉर्डातल्या लोकांनी. शिडीचं." सुपरवायझरनं त्याच्या कॉलरकडे पाहिलं, मग हातांकडे. "मारलंस?"

"नाही."

"बरं. काच झाडून काढ आधी, पेशंट अनवाणी फिरतात. मग दुसऱ्या मजल्यावर चार नंबरचा पंखा बंद आहे."

घणानं झाडू आणला. काच झाडायला वेळ लागला; बारीक तुकडे भिंतीच्या कडेला पार खाटांखालपर्यंत गेले होते. ते सगळे गोळा करून त्यानं डब्यात टाकले, शिडी खांद्यावर घेतली आणि जिना चढायला लागला.